नेटवर्कवरची सगळी घड्याळं एका वेळेवर कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्था, दवाखाने, कॉलेजच्या लॅब, लहान कारखाने, गृहसंकुलं अशा ठिकाणी नेटवर्क सांभाळणाऱ्यांकडून वेळेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं एनटीपीबद्दल, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याच्या पद्धतीबद्दल (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) आहेत, कारण या सगळ्या ठिकाणी कामाला तेच येतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. वेळ एकदा लावून भागत नाही, ती सतत मोजत राहावी लागते, आणि नेटवर्कमधल्या प्रत्येकाने ती कोणाला विचारायची हे आपण ठरवून द्यावं लागतं. येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक या दोनपैकी एक गोष्ट राहिल्यामुळे आलेल्या असतात.

१. सगळ्या मशीनची वेळ आम्ही एकाच दिवशी बरोबर लावली होती. दोन-तीन महिन्यांत ती वेगवेगळी कशी झाली?

कॉम्प्युटरच्या आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. कंप मोजून सेकंद धरला जातो. पण कोणतेही दोन स्फटिक अगदी सारखे नसतात. दहा लाखांत २० इतकी चूक साध्या स्फटिकाला सहज असते. तेवढ्यानेही दिवसाला सुमारे १.७ सेकंद, म्हणजे महिन्याला जवळपास ५२ सेकंद फरक पडतो. त्यात तापमानाची भर. हे स्फटिक साधारण २५ अंश सेल्सिअसला धरून बनवलेले असतात आणि त्याहून जास्त गरम किंवा थंड झाले की मागे पडतात. माळ्यावर, पत्र्याखाली ठेवलेला डीव्हीआर एसीतल्या सर्व्हरपेक्षा मागे का पडतो, याचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं. मशीन खराब आहे असा याचा अर्थ नाही.

२. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तर बिघडतं काय?

ते काम कोणतं आहे त्यावर ठरतं. विंडोज डोमेनमध्ये लॉगिनसाठी केर्बेरॉस वापरतात आणि त्याला मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. त्यापुढे पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. मोबाइलच्या ऑथेंटिकेटर ॲपमधला सहा आकडी कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो, त्यामुळे सर्व्हरची वेळ मिनिट-दोन मिनिटांनी चुकली तरी तो नाकारला जाऊ शकतो. वेबसाइटच्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते, म्हणून तारीख चुकलेल्या मशीनवर ब्राउझर सगळ्याच साइट असुरक्षित असल्याचं सांगतो.

मला सर्वात जास्त काळजी लॉगची वाटते. काही गडबड झाल्यावर फायरवॉल, सर्व्हर आणि कॅमेरा यांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवून घटनाक्रम लावावा लागतो. तिन्हींची घड्याळं वेगळी असतील तर आधी काय आणि नंतर काय, हे सांगताच येत नाही. तेव्हा घड्याळ दुरुस्त करून उपयोग नसतो, कारण नोंदी आधीच चुकीच्या वेळेने लिहिलेल्या असतात.

३. एनटीपी नेमकं काय करतं? सर्व्हर वेळ सांगतो आणि आपलं मशीन ती लावतं, एवढंच ना?

एवढंच असतं तर वेळ नेहमी थोडी मागे राहिली असती, कारण उत्तर नेटवर्कवरून येईपर्यंत काही मिलिसेकंद गेलेले असतात. एनटीपी हा प्रवासाचा वेळ मोजून वजा करतं.

एक उदाहरण सोडवून पाहा. तुमच्या मशीनने त्याच्या घड्याळानुसार १०:००:००.००० ला प्रश्न पाठवला. सर्व्हरच्या घड्याळानुसार तो १०:००:०२.०४० ला पोहोचला आणि उत्तर १०:००:०२.०४१ ला निघालं. तुमच्या घड्याळात उत्तर आलं तेव्हा १०:००:००.०८१ वाजले होते. तुमच्या बाजूला एकूण ८१ मिलिसेकंद गेले, त्यातला १ सर्व्हरने घेतला, म्हणजे जाण्या-येण्याचा प्रवास ८० मिलिसेकंदांचा. जाताना दिसणारा फरक २.०४० सेकंद आणि येताना दिसणारा १.९६० सेकंद. दोन्हींची सरासरी २.००० सेकंद. तुमचं घड्याळ बरोबर दोन सेकंद मागे आहे.

यात एक गृहीत धरलेलं आहे: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. ते खरं नसेल तर त्या दोन वेळांमधल्या फरकाच्या निम्मी चूक मोजमापात शिरते, आणि नुसत्या या चार आकड्यांवरून ती ओळखता येत नाही. म्हणून जवळचा, एकाच सरळ मार्गाने पोहोचणारा सर्व्हर दूरच्या नामांकित सर्व्हरपेक्षा चांगला.

ही पद्धत अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी उभी केली. तिचा पहिला मसुदा १९८५ चा, सध्याची चौथी आवृत्ती २०१० ची. मिल्स २०२४ च्या जानेवारीत गेले. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक कॉम्प्युटरची वेळ त्यांच्या या कामावर चालते, हे नेटवर्कवाल्यांनी तरी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

४. स्ट्रॅटम १, स्ट्रॅटम २ म्हणजे काय? कमी आकडा म्हणजे जास्त अचूक का?

अणुघड्याळ किंवा जीपीएस रिसीव्हर म्हणजे स्ट्रॅटम ०. त्याला थेट जोडलेला सर्व्हर १, त्याला विचारणारा २, असं १५ पर्यंत. १६ म्हणजे 'माझी वेळ कुठेही जुळलेली नाही'. हा आकडा मूळ स्रोतापासूनचं अंतर सांगतो, अचूकता सांगत नाही. जवळचा स्ट्रॅटम ३ सर्व्हर दूरच्या स्ट्रॅटम १ पेक्षा बरा असू शकतो.

५. भारतात कोणता सर्व्हर वापरावा? काही नियम आहे का?

भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, म्हणजे एनपीएल, सांभाळते आणि तिचा सार्वजनिक टाइम सर्व्हर आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे, 'समय' नावाचे दोन सर्व्हरही आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी एनपीएल किंवा एनआयसीच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी वेळ जुळवायची आहे. ज्यांचा पसारा अनेक देशांत आहे त्यांना दुसरा स्रोत वापरता येतो, पण त्याची वेळ या दोघांपासून ढळता कामा नये. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. वेळ आणि लॉग या दोन गोष्टी एकाच कागदावर आल्या, हे योग्यच झालं.

घरच्या वापरासाठी एनटीपी पूलचा, म्हणजे स्वयंसेवकांच्या सार्वजनिक टाइम सर्व्हरांच्या समूहाचा, भारतातला गट पुरेसा आहे.

६. प्रत्येक उपकरणाला थेट इंटरनेटवरच्या सर्व्हरचा पत्ता द्यावा, की मधे आपलाच एक सर्व्हर ठेवावा?

उपकरणं दहा-पंधरापेक्षा जास्त असतील तर मधे आपले दोन ठेवा. ते बाहेर विचारतील, बाकी सगळे त्यांना विचारतील. वेगळं मशीन विकत घ्यायची गरज नाही. कायम चालू असणाऱ्या कोणत्याही लिनक्स सर्व्हरवर क्रोनी हा एनटीपीचा प्रोग्रॅम बसवला की झालं. अनेक राउटर आणि मॅनेज्ड स्विचही हे काम करतात. फायदा असा की इंटरनेट गेलं तरी ऑफिसातली घड्याळं एकमेकांशी जुळलेली राहतात. डीएचसीपीच्या (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते आपोआप देणाऱ्या सेवेच्या) ४२ क्रमांकाच्या पर्यायातून टाइम सर्व्हरचा पत्ता आपोआप वाटता येतो. मात्र सगळी उपकरणं तो ऐकत नाहीत. विंडोज तर मुळीच ऐकत नाही.

सगळ्यांनी थेट एकाच बाहेरच्या सर्व्हरवर जाण्याने काय होतं, याचं एक मोठं उदाहरण आहे. २००३ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर विनंत्यांचा पूर आला. नेटगियरच्या काही घरगुती राउटरमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता कारखान्यातच पक्का लिहिलेला होता, आणि उत्तर आलं नाही की राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारत होता. सर्व्हर जितका थकेल तितके प्रश्न वाढत होते.

७. किती सर्व्हर द्यावेत? दोन पुरतील ना?

दोन हा सर्वात वाईट आकडा. एक असेल तर निदान गोंधळ होत नाही. दोघांनी वेगवेगळी वेळ सांगितली तर खरं कोण बोलतंय हे ठरवायला मशीनकडे काहीच नसतं. तीन असले तर एक चुकलेला ओळखता येतो. चार दिले तर त्यातला एक बंद पडला तरी चुकलेला ओळखायला तीन उरतात. म्हणून बाहेर विचारणाऱ्या मशीनला चार द्या, आणि ते एकाच संस्थेचे नसावेत.

हा धोका पुस्तकी नाही. १९ नोव्हेंबर २०१२ ला अमेरिकन नौदल वेधशाळेच्या सर्व्हरनी काही काळ २००० साल सांगितलं. इतक्या विश्वासाच्या स्रोताला डोळे झाकून मानणाऱ्यांची घड्याळं बारा वर्षं मागे गेली, आणि त्यांच्या नेटवर्कवर लॉगिन बंद पडले.

मग प्रश्न ६ मधले आतले दोन सर्व्हर कसे चालतात? ते दोघं बाहेरच्या त्याच चारांकडून वेळ घेत असतील तर एकमेकांपासून काही मिलिसेकंदांपलीकडे सहसा जात नाहीत. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने भागतं. जिथे भागत नसेल तिथे आतही तीन किंवा चार करा.

८. फरक दिसत असतानाही एनटीपी वेळ लगेच दुरुस्त का करत नाही?

घड्याळ मागे उडी मारलं तर एकच क्षण दोनदा येतो, आणि डेटाबेस, बॅकअप, हिशेबाचं सॉफ्टवेअर यांना ते झेपत नाही. म्हणून फरक लहान असेल तर एनटीपी घड्याळाची गती किंचित कमी-जास्त करतं. मूळ एनटीपी प्रोग्रॅममध्ये १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक असा हळूहळू भरून काढला जातो, तोही सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद. म्हणजे १०० मिलिसेकंद भरायला किमान २०० सेकंद. त्याहून मोठा फरक टिकून राहिला तर उडी मारली जाते. १,००० सेकंदांहून जास्त फरक दिसला तर प्रोग्रॅम काहीही न बदलता बंद होतो, कारण इतका फरक म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय आणि माणसाने बघावं, असं त्याचं म्हणणं असतं. क्रोनीमध्ये 'सुरू झाल्यावर पहिल्या तीन मोजमापांतच उडी मारायची परवानगी' अशी सोय असते. सर्व्हरसाठी तीच ठेवा.

९. सिंक झालंय असं दाखवतं, पण वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकते. का?

नेमका साडेपाच तासांचा फरक असेल तर एनटीपीला दोष देऊ नका. एनटीपी फक्त यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, सांगतं. त्यात साडेपाच तास मिळवायचं काम तुमच्या मशीनच्या टाइम झोन सेटिंगचं.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स असेल तर आणखी एक कारण असतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी लिहितं, विंडोज स्थानिक वेळ. लिनक्स बंद करून विंडोज लावलं की वेळ साडेपाच तास मागे, उलट केलं की साडेपाच तास पुढे. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवावी लागते. विंडोजला रजिस्ट्रीतून यूटीसी मानायला लावणं जास्त चांगलं.

चिनी बनावटीच्या कॅमेऱ्यात वेळ बरोबर अडीच तास पुढे दिसली तर टाइम झोन बीजिंगचाच राहिलाय. बरोबर एक तासाचा फरक असेल तर 'डेलाइट सेव्हिंग' चुकून चालू आहे. भारतात ते बंदच ठेवायचं.

१०. आमच्याकडे विंडोज डोमेन आहे. प्रत्येक पीसीवर टाइम सर्व्हर टाकू का?

नको. डोमेनमध्ये उतरंड ठरलेली असते. पीसी डोमेन कंट्रोलरला विचारतात, आणि कंट्रोलर शेवटी ज्याच्याकडे 'पीडीसी एम्युलेटर'ची भूमिका आहे त्याला. बाहेरचा स्रोत फक्त त्या एकाला द्यायचा.

तो कंट्रोलर व्हर्च्युअल मशीन असेल तर मात्र सांभाळा. होस्ट, म्हणजे ज्या खऱ्या मशीनवर तो चालतो ते, त्याच्यावर आपली वेळ लादतो, आणि होस्ट स्वतः डोमेनचा सदस्य असल्यामुळे वेळ त्याच कंट्रोलरकडून घेतो. दोघं एकमेकांना विचारत मिळून भरकटतात, आणि सगळं ऑफिस त्यांच्याबरोबर भरकटतं. अशा कंट्रोलरवर होस्टकडून येणारं टाइम सिंक बंद करा. इतर व्हर्च्युअल मशीनसाठीही नियम तोच: एका मशीनच्या घड्याळाला हात लावणारा एकच असावा.

११. सोसायटीच्या सीसीटीव्हीची वेळ १७ मिनिटं पुढे आहे आणि पोलिसांनी फुटेज मागितलंय. आधी वेळ दुरुस्त करू का?

कृपया करू नका. हा प्रश्न येतो तेव्हा बहुतेकदा कोणीतरी संकटात असतं, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी रेकॉर्डरची स्क्रीन आणि शेजारी नेटवर्कवरून वेळ घेणारा मोबाइल, दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. दोन्हींवर सेकंद दिसू द्या. तो फरक कागदावर लिहा, तारीख टाका, सही करा. मग मूळ फुटेज काढून घ्या, त्यावरची वेळ चुकीची असली तरी. फुटेज देताना तो लेखी फरक सोबत द्या. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. घड्याळाचा फरक लपवण्यापेक्षा लिहून देणं सगळ्यांच्याच हिताचं. पुढच्या तपासात मोबाइल टॉवरच्या नोंदी किंवा शेजारच्या दुकानाचं फुटेज याच्याशी जुळवायचं असतं, आणि ते या १७ मिनिटांच्या नोंदीशिवाय जुळत नाही.

हे सगळं झाल्यावरच घड्याळ दुरुस्त करा. वेळ मागे नेली की त्या १७ मिनिटांची दोन रेकॉर्डिंगं तयार होतात आणि काही रेकॉर्डर त्यातलं एकच दाखवतात. म्हणून आधी फुटेज, मग दुरुस्ती.

पुन्हा असं होऊ नये म्हणून रेकॉर्डरमध्ये एनटीपी चालू करा आणि कॅमेरे रेकॉर्डरकडून वेळ घेतात का ते तपासा. चित्रावर छापली जाणारी वेळ कॅमेऱ्याची असू शकते आणि शोधायच्या यादीतली रेकॉर्डरची. दोन्ही वेगळ्या असलेल्या ठिकाणी फुटेज शोधणाऱ्याचे हाल होतात.

१२. वीज गेली की मशीन २००० किंवा १९७० सालात जातं आणि मग सिंकही होत नाही. काय करू?

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ असतो, किराणा दुकानातही मिळतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या पाचव्या आवृत्तीआधीच्या बोर्डांवर सेलवर चालणारं घड्याळच नसतं. तिथे छोटं आरटीसी, म्हणजे अशाच घड्याळाचं, मॉड्यूल लावा.

सिंक न होण्याची कारणं दोन असतात. एक, फरक प्रश्न ८ मधल्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. दुसरं जास्त फसवं: टाइम सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधताना डीएनएस ही सेवा सुरक्षित सह्या तपासत असेल, तर चुकलेल्या तारखेमुळे त्या सह्या अवैध ठरतात, नाव सापडत नाही आणि वेळही मिळत नाही. अशा मशीनला निदान एका सर्व्हरचा पत्ता नावाऐवजी आकड्यांत द्या. प्रश्न ६ मधला आपला आतला सर्व्हर इथे कामी येतो.

१३. सर्व्हर पिंग होतो, पण सिंक होत नाही.

पिंग आणि एनटीपी वेगळे. एनटीपीला यूडीपीचं १२३ क्रमांकाचं पोर्ट जायला-यायला मोकळं हवं. मग स्रोतांच्या यादीत 'रीच' हा आकडा बघा. ३७७ म्हणजे शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तर मिळालं, ० म्हणजे एकालाही नाही. रीच ३७७ असूनही सिंक नसेल तर समोरच्याचा स्ट्रॅटम बघा. तो १६ असेल तर त्याचीच वेळ जुळलेली नाही. नुकतंच सुरू केलं असेल तर थोडं थांबा: मूळ सेटिंगमध्ये प्रश्न ६४ ते १,०२४ सेकंदांच्या अंतराने विचारले जातात.

१४. आमच्या कारखान्याचं नेटवर्क इंटरनेटला जोडायचंच नाही. मग?

जीपीएस रिसीव्हर असलेला टाइम सर्व्हर घ्या आणि अँटेना गच्चीवर, मोकळ्या आकाशाखाली लावा. नुसत्या यूएसबी जीपीएसवर विसंबू नका; दर सेकंदाला नेमका ठोका देणारी पीपीएस तार नसेल तर वेळ शेकडो मिलिसेकंदांनी हलू शकते. जुना रिसीव्हर वापरात असेल तर त्याचं फर्मवेअर तपासा. जीपीएसमध्ये आठवडे ० ते १,०२३ असेच मोजतात आणि ते शेवटचे ६ एप्रिल २०१९ ला शून्यावर आले. काही जुने रिसीव्हर तेव्हापासून जवळपास वीस वर्षं मागची तारीख देतात. जीपीएस परवडत नसेल तर एका मशीनला मुख्य ठरवून बाकीच्यांना त्याच्याशी जुळवा आणि त्याची वेळ ठरावीक दिवशी हाताने तपासा.

१५. लीप सेकंदाची काळजी करावी का?

आता फारशी नाही. घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळलेलं राहावं म्हणून मधूनच मिळवलेला जादा सेकंद म्हणजे लीप सेकंद. १९७२ पासून असे २७ सेकंद मिळवले गेले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला: ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आणि मग ५:३०:००. त्याआधी २०१२ च्या लीप सेकंदाने लिनक्स कर्नलमधला दोष उघडा पाडला आणि जगभर अनेक सर्व्हर अडकले होते. २०३५ पर्यंत ही पद्धत सोडण्याचं आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये ठरवलं आहे. तोवर एकच पथ्य: गूगलचे सर्व्हर हा सेकंद २४ तासांवर पसरवतात, बाकीचे बहुतेक तसं करत नाहीत. म्हणून गूगलचे आणि इतरांचे सर्व्हर एकाच यादीत मिसळू नका.

१६. चुकीची वेळ कोणी मुद्दाम पाठवू शकतं का?

हो. साध्या एनटीपीवर सही नसते, मधला कोणीही उत्तर बदलू शकतो. त्यासाठी २०२० मध्ये एनटीएस हे मानक आलं आणि क्रोनीमध्ये ते आहे. उलट दिशेचाही विचार करा: २०१३-१४ मध्ये जुन्या एनटीपी सर्व्हरमधली 'मॉनलिस्ट' आज्ञा वापरून इतरांवर मोठे हल्ले झाले. तुमचा आतला सर्व्हर बाहेरच्या प्रश्नांना उत्तर देणार नाही, अशी फायरवॉल ठेवा.

१७. पीटीपी घ्यावं का? ते जास्त अचूक आहे म्हणतात.

आहे. पीटीपी ही नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची दुसरी पद्धत. हार्डवेअरची साथ असेल तर ते मायक्रोसेकंदाच्याही आत जातं, पण त्यासाठी नेटवर्क कार्ड आणि स्विच त्या जातीचे लागतात. वीज उपकेंद्रं, टेलिकॉम, टीव्ही स्टुडिओ यांना ते हवं. ऑफिसला आणि दवाखान्याला एनटीपीच घ्या. तो पैसा यूपीएसवर घाला.

१८. २०३६ आणि २०३८ मध्ये सगळं बंद पडेल का?

एनटीपीचे सेकंद १९०० पासून ३२ बिटांत मोजले जातात. ते ७ फेब्रुवारी २०३६ ला, आपल्या घड्याळाप्रमाणे ११:५८:१६ ला, पुन्हा शून्यावर येतील. सध्याचे प्रोग्रॅम हे सांभाळून घेतात. १९ जानेवारी २०३८ चा प्रश्न वेगळा, तो १९७० पासून ३२ बिटांत मोजणाऱ्या जुन्या सिस्टिमचा. आज भिंतीत बसवलेला स्वस्त कंट्रोलर तोवर तिथेच असू शकतो, म्हणून खरेदी करतानाच विचारा.

१९. सगळं जुळवलं. आता दोन सर्व्हरच्या लॉगवरून आधी काय घडलं हे खात्रीने सांगता येईल?

दोन घटनांमधलं अंतर घड्याळांच्या चुकीपेक्षा मोठं असेल तरच. दोन सर्व्हर प्रत्येकी ५ मिलिसेकंदांपर्यंत चुकत असतील, तर १० मिलिसेकंदांच्या आतल्या घटनांचा क्रम लॉगवरून ठरत नाही, लॉगमध्ये नॅनोसेकंद छापलेले असले तरी. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं की क्रम हवा असेल तर घड्याळाऐवजी संदेशांना चढते क्रमांक देता येतात. गूगलचा स्पॅनर डेटाबेस दुसरी वाट घेतो: घड्याळ एक क्षण न सांगता 'या दोन क्षणांच्या मधे' असं सांगतं, आणि तेवढी अनिश्चितता सरेपर्यंत व्यवहार थांबवून धरतो. तुमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवहाराला अनुक्रमांक असतोच. क्रमाचा वाद आला तर आधी तो बघा, वेळ नंतर.